हिमालय ओलांडला, पण कसा?

'सित्रोएनच्या गाड्यांनी 1931 मध्ये हिमालय पार केला' हे विधान पुरतं बरोबर नाही. सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीचे जनरल मॅनेजर आणि मोहिमेचे प्रमुख जॉर्ज-मारी हार्ट यांनी श्रीनगरहून फक्त दोन गाड्या पुढे नेल्या. श्रीनगर ते गिलगिट मार्गावरच्या बुर्झिल घाटाच्या वाटा खेचरांसाठी होत्या. एके ठिकाणी दगडी बांध खचला आणि हार्ट यांची गाडी दरीच्या तोंडावर लटकली. दुसरीकडे वाट इतकी चिंचोळी की गाडीचे भाग सुटे करून हमालांच्या पाठीवरून न्यावे लागले. गाड्या गिलगिटपर्यंत पोचल्या हीच मोठी गोष्ट. तिथून पुढे पश्चिम चीनमधल्या काश्गरला मंडळी घोड्यांवरून गेली आणि त्याच भागातल्या अक्सूला, चीनच्या पूर्वेकडून आलेल्या मोहिमेच्या दुसऱ्या तुकडीला भेटली.

या हमालांचं आणि घोडेवाल्यांचं श्रेय कुठेच दिलं जात नाही, हे मला फार खटकतं. या गाड्यांची, मागे चाकांऐवजी रबरी पट्टे असलेली यंत्रणा अडॉल्फ केग्रेस या फ्रेंच अभियंत्याची. आधी ते रशियाच्या झारच्या गॅरेजमध्ये होते. याच पद्धतीच्या गाड्या घेऊन 1922-23 मध्ये हार्ट यांनी अल्जीरियातल्या तुगुर्तपासून मालीतल्या टिंबक्टूपर्यंत सहारा ओलांडला होता. फेब्रुवारी 1932 मध्ये हार्ट पेकिंगला (आजचं बीजिंग) पोचले आणि मार्चमध्ये हाँगकाँगला न्यूमोनियाने गेले.