हायब्रिडचे साडेतीन लाख जास्त: वसूल होतात का?

कोथरूडकर_७७:
नवीन गाडी घ्यायचीये. ग्रँड व्हिटाराचं कोटेशन काढलं, पेट्रोल ऑटोमॅटिक आणि स्ट्राँग हायब्रिडमध्ये (इंजिनसोबत बॅटरी-मोटर, हळू जाताना इंजिन बंद करून बॅटरीवरही चालते ती) ऑन रोड जवळपास साडेतीन लाखांचा फरक. ब्रोशरमध्ये हायब्रिडला २७.९७ चं मायलेज लिहिलंय, ते काय पुण्यात मिळणार नाही हे कळतं मला. पण बायको म्हणते पर्यावरणासाठी तरी घे, आणि मला वाटतंय एवढ्या पैशात किती वर्षांचं पेट्रोल येईल! रनिंग वर्षाला १२-१३ हजार तरी असेल. अनुभव सांगा.

हिंजवडी_ग्रस्त:
डोळे झाकून हायब्रिड. भूमकर चौकात चाळीस मिनिटं गाडी सरकत असते, त्यातली निम्मी तरी इंजिन बंद. मला सिटीत २१ पडतं, आधीची ऑटोमॅटिक ११ द्यायची. १२ हजार किमीला हिशोब कर, १०९० लिटरच्या जागी ५७०. म्हणजे ५२० लिटर वाचलं, १०४ च्या भावाने ५४ हजार वर्षाला. साडेसहा वर्षांत वसूल, पुढे फायदाच. शिवाय एक लिटर पेट्रोल जाळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे वर्षाला सव्वा टनाच्या आसपास कमी.

साधा_पेट्रोलवाला:
साडेसहा वर्षं म्हणे. आणि ते साडेतीन लाख लोनवर घेतले तर ९ टक्क्यांनी पहिल्याच वर्षी तीसेक हजार व्याज, ते कोण धरणार? तू ऑटोमॅटिकशी तुलना केलीस म्हणून आकडा गोड दिसतोय, मॅन्युअल घे की, १४ देते, किंमत अजून कमी. आणि बॅटरी गेली की?

हिंजवडी_ग्रस्त:
८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किमी वॉरंटी आहे बॅटरीला. आणि ती बॅटरी ०.७६ किलोवॅट-अवरची आहे रे, इव्हीसारखी ४० ची नाही. बनवताना होणारं प्रदूषणही त्याच मानाने कमी.
मॅन्युअल घेऊन त्या चौकात क्लच दाबत बस, गुडघ्याचा खर्च पण धर हिशोबात.

एक्सप्रेसवे_प्रेमी:
हायवेला मात्र फार फरक नाही हां. ब्रेक मारला की चार्ज होते ती, सलग १०० ला ब्रेक मारतंय कोण. मी महिन्यातून चार वेळा मुंबई करतो, मला २१-२२, मित्राच्या साध्या पेट्रोलला १७-१८. आणि डिकी लहान, गणपतीला गावी जाताना दोन बॅगा मांडीवर.
अजून एक, आमच्या गाडीत बॅटरी थंड ठेवायला केबिनमधली हवा आत ओढतात, त्याची जाळी असते. आमचा कुत्रा मागे बसतो. एक दिवस वॉर्निंग लागली, मेकॅनिकने जाळी काढून दाखवली तर केसांची अख्खी गादी! साफ केली, परत काही नाही.

बीडचा_शेतकरी:
तुमचं पर्यावरण छान चाललंय. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल घातलंय आता, त्यातलं बरंच उसातून येतं, आणि त्या उसाला पाणी कुठनं येतं ते उन्हाळ्यात आमच्याकडं येऊन बघा. गाडी हायब्रिड असो का साधी, टाकीत तेच.

साधा_पेट्रोलवाला:
👆 हे बरोबर. आणि इथेनॉलने मायलेज दोघांचंही पडतं.

हिंजवडी_ग्रस्त:
मग जी कमी पिते ती घ्या ना, पाणी पण कमीच लागेल! 🙂 खरा राग टॅक्सचा यायला पाहिजे. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाडीला १८ टक्के जीएसटी, इव्हीला ५, आणि ही चार मीटरच्या वरची हायब्रिड ४० मध्ये. यूपीने २०२४ लाच स्ट्राँग हायब्रिडचा रजिस्ट्रेशन टॅक्स माफ केला होता.

जुनी_गाडी_जिंदाबाद:
कोणी विचारलंच नाही, आत्ताची गाडी चालतेय ना? नवीन गाडी बनवतानाच काही टन कार्बन जातो हवेत. कोथरूडकर, मीटरवर किती किमी झालेत ते बघून सांग, अंदाजे नको.

कोथरूडकर_७७:
आत्ता खाली पार्किंगमध्ये जाऊन बघून आलो. २०१६ ची गाडी, नऊ वर्षांत ६१,४००. म्हणजे वर्षाला सात हजार पण नाही 😐 वर्क फ्रॉम होम धरलंच नव्हतं मी.

साधा_पेट्रोलवाला:
वर्षाला तीस हजार वाचणार. वसूल व्हायला अकरा वर्षं. वहिनींना काय सांगणार?

कोथरूडकर_७७:
सध्या तरी टायर बदलतोय.