मदत हवी आहे: जुन्या सोन्याच्या घड्याळाची डायल नवी करून घ्यावी का?

मंडळी, जुन्या मनगटी घड्याळांतल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण हे काम एकदा करून घेतलं की परत पहिल्यासारखं होणार नाही.

आतोबांचं सोन्याचं घड्याळ आत्याने मला दिलं. चावीचं, स्विस, गोल, आजच्या घड्याळांच्या मानाने अगदी लहानखुरं. घड्याळजींनी मागचं झाकण उघडलं तेव्हा आतल्या बाजूला ०.७५० हा आकडा आणि शेजारी बाईच्या चेहऱ्याचा बारीक ठसा दिसला. चावी दिली की चालतं, पण दिवसभरात बरंच मागे पडतं.

खरा प्रश्न डायलचा आहे. मूळची ती चंदेरी असावी, कारण सहाच्या वर सेकंदकाट्याची जी छोटी गोल तबकडी आहे तिच्या खोलगट कडेला अजून तो रंग टिकून आहे. बाकी सगळीकडे सायीसारखा पिवळसर रंग चढलाय, आणि कडेकडे जावं तसा तो गडद होत तपकिरीवर जातो. अकराच्या आसपास बारीक ठिपके आहेत. सोनेरी आकडे मात्र या सगळ्यावर अजून लखलखीत आहेत. खिडकीपाशी धरून घड्याळ जरा तिरपं केलं की डायलचा एकच भाग क्षणभर उजळतो आणि पुन्हा मावळतो. नव्या कोऱ्या चकचकीत डायलवर हे मला कधीच दिसलेलं नाही. मला ते घड्याळ आहे तसंच अतिशय आवडतं.

घड्याळजींचं म्हणणं: डायल 'रिफिनिश' करू, केसला (म्हणजे बाहेरच्या सोन्याच्या डबीला) बफिंग मारू, घासून चकाकी आणू, एकदम नवं दिसेल. माझा आतेभाऊही तेच म्हणतो. माझं मन घेत नाही. पण एका गोष्टीने मी अडले आहे. डायलवर दोन तपकिरी सावल्या आहेत, एक आठ आणि नऊच्या मध्ये, दुसरी बरोबर चारवर. ठिपके विखुरलेले आहेत, या सावल्या मात्र नेमक्या आकाराच्या आहेत. घड्याळजी म्हणाले मळ आहे, पुसून काढू. हे पसरत जाणारं काही असेल तर वेळीच थांबवायला हवं ना? शिवाय केसला पट्टा जिथे अडकतो तिथे, आतल्या बाजूने, सोन्यावर तांबूस झाक आली आहे. सोनं कधी काळवंडत नाही असं ऐकत आलोय, मग हे सोनंच आहे ना? आगाऊ धन्यवाद.

प्रतिसाद १

ताई, आधी कुणालाही ती डायल पुसू देऊ नका. मग एक सांगा: काटे भरीव आहेत की पोकळ, आणि पोकळ असतील तर आत काही भरलेलं आहे का?

धागाकर्तीचं उत्तर

पोकळ आहेत. आत तपकिरी झालेलं, भेगाळलेलं काहीतरी भरलेलं आहे. आकड्यांच्या बाहेर तसलेच छोटे ठिपके आहेत. अंधारात बघितलं, काही चमकत नाही.

प्रतिसाद १ (पुढे)

मग तो मळ नाही. आठ-वीसला तासकाटा आठ आणि नऊच्या मध्ये असतो आणि मिनिटकाटा चारवर. तुमचं घड्याळ कधीतरी आठ-वीसला बंद पडलं आणि वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं. काट्यांत भरलेलं ते बहुधा रेडियम आहे, काटे अंधारात चमकावेत म्हणून पूर्वी वापरायचे तो किरणोत्सारी पदार्थ, आणि त्याच्या किरणोत्साराने खालचं लॅकर, म्हणजे डायलवरचा पारदर्शक लेप, भाजून निघालं. काटे हलते असते तर हा डाग एका जागी उमटलाच नसता. तो पसरत नाही.

चमकत नाही म्हणून रेडियम संपलं असं मात्र समजू नका. चमकायचं ते त्यात मिसळलेलं झिंक सल्फाइड, आणि ते काही वर्षांत निकामी होतं. रेडियमचं अर्धआयुष्य साधारण १६०० वर्षं आहे, म्हणजे ते जवळपास तितकंच शिल्लक आहे. १९६०च्या दशकात घड्याळांत त्याची जागा ट्रिटियम या दुसऱ्या किरणोत्सारी पदार्थाने घेतली. ट्रिटियमच्या डायलवर तळाशी 'स्विस'च्या जवळ बहुतेक वेळा 'टी' हे अक्षर असतं, ते बघून घ्या. खात्री करायची तर गायगर काउंटरने, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या यंत्राने, मोजून घ्यावं.

घड्याळाचं झाकण लावलेलं असताना काट्यांतल्या पुडीचा धोका नसतो, तो झाकण उघडल्यावर येतो. ती पूड श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात जाता कामा नये. रिफिनिश करताना जुनं लॅकर, छपाई, चंदेरी मुलामा सगळं काढून टाकतात. म्हणजे तुम्हाला आवडणारा रंग तर जाईलच, वर ही पूड खरवडली जाईल. माहीत नसलेल्या कारागिराच्या हातात ते काम अजिबात देऊ नका. स्वतः मागचं झाकण उघडू नका, घड्याळ उशाशी ठेवून झोपू नका आणि ठेवाल तिथे हवा खेळती असू द्या, कारण रेडियममधून रेडॉन वायू सुटत राहतो.

प्रतिसाद २

सोन्याच्या शंकेबद्दल. ०.७५० म्हणजे १८ कॅरट, आणि तो चेहरा हेल्वेशियाचा, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचा; तो तिथला जुना सरकारी हॉलमार्क. १४ कॅरटला खारीचा ठसा असायचा. १९९५पासून दोन्हींच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं, म्हणजे तुमची केस त्याआधीची. सोनं काळवंडत नाही हे खरंच, पण १८ कॅरटमध्ये चौथा हिस्सा इतर धातू असतात, मुख्यतः तांबं आणि चांदी, आणि त्यांचा रंग बदलतो. आतल्या बाजूला हात किंवा कापड घासत नाही, म्हणून झाक तिथे टिकली. मुलामा उडाला असता तर उलट केसच्या कानांच्या, म्हणजे पट्टा अडकवायच्या चार शिंगांच्या, टोकांना, जिथे सगळ्यात जास्त घासतं तिथे, खालचा पितळी रंग दिसला असता.

बफिंग मुळीच नको. दर वेळी सोनं झिजतं, कानांच्या कडा गोलावतात आणि बाहेरचे बारीक ठसे पुसट होत जातात. तुमच्या घड्याळाच्या कडा अजून धारदार आहेत का? असतील तर याला कदाचित कधी बफ लागलेलाच नाही, आणि अशा केस फार क्वचित मिळतात. डायल मूळची आहे ना, हे भिंगातून बघा. पुन्हा रंगवलेल्या डायलवर बहुतेक वेळा अक्षरं जाडसर येतात, मिनिटांच्या रेघा आकड्यांशी जुळत नाहीत, तळाचं 'स्विस' गायब असतं किंवा कापलेलं असतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. भिंगातून बघितलं: रेघा अगदी जुळतात, 'स्विस' आहे, 'टी' नाही. कानांच्या कडा बोटाला लागतात इतक्या स्पष्ट आहेत. त्या सावल्या आतोबांच्या घड्याळाने स्वतःच उमटवलेल्या आहेत हे कळल्यावर त्या पुसायचा विषयच संपला. डायल आणि केस आहे तशीच राहणार. पण मागे पडतं त्याचं काय? रोज चावी देऊन वापरलं तर चालेल का?

प्रतिसाद १

नका वापरू, आणि सारखी चावीही देऊ नका. आतलं तेल सुकलं असणार. तसंच चालवलं तर चाकांच्या आसांची टोकं झिजतात, आणि इतक्या जुन्या मशीनचे भाग मिळवणं जिकिरीचं होतं. रेडियमची घड्याळं हाताळणारा कारागीर शोधा आणि त्याला आधीच सांगा: मशीन पूर्ण सुटं करून साफ करायचं, तेल द्यायचं, डायलला कापडही लावायचं नाही. काट्यांतली पूड सुटत असेल तर मागच्या बाजूने पातळ लॅकर देऊन ती पक्की करता येते, समोरून फरक दिसत नाही. काच अ‍ॅक्रिलिकची असेल तर तिच्यावरचे ओरखडे पॉलिशने जातात, ते खुशाल करून घ्या. देण्याआधी डायलचे आणि चारही कानांचे जवळून फोटो काढा, आणि जो भाग बदलावा लागेल तो जुना भाग परत मागून घ्या. पाण्यापासून मात्र सर्व्हिसिंगनंतरही जपा.