फॅमिली डॉक्टरांच्या परीक्षेत ‘थांबून पाहू’ या निर्णयाला गुण कसे द्यावेत?

प्रश्न:
फॅमिली डॉक्टरांच्या प्रमाणपत्र परीक्षेचा आराखडा ठरवणाऱ्या समितीत मी काम करतो. आमच्याकडे जमा झालेले बहुतेक प्रश्न एखाद्या दुर्मीळ आजाराच्या नावावर येऊन संपतात. दवाखान्यात मात्र दोन दिवसांचा ताप, अंगदुखी, थकवा अशा धड आकार न घेतलेल्या तक्रारी येतात आणि अनेकदा औषध न देता थांबणे हाच योग्य निर्णय असतो. तो बहुपर्यायी प्रश्नांत पकडता येत नाही, म्हणून दोन दीर्घ रुग्णप्रसंगांवर तोंडी परीक्षा घ्यावी, असे काही सदस्यांचे म्हणणे आहे. आपले मत काय?

प्रतिसाद १:
दोन प्रसंगांवर विसंबू नये. एका रुग्णाबाबत उत्तम निर्णय घेणारा परीक्षार्थी दुसऱ्या रुग्णाबाबत अडखळू शकतो, हे वैद्यकीय परीक्षांच्या अभ्यासांत वारंवार दिसले आहे. मग मधुमेहाचा प्रसंग वाट्याला आला तर उत्तीर्ण आणि त्वचारोगाचा आला तर अनुत्तीर्ण, असा नशिबाचा खेळ होतो. रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या ‘ऑस्की’ पद्धतीत परीक्षार्थी अनेक छोट्या प्रसंगांतून फिरतो, त्यामुळे एका प्रसंगाचे आणि एका परीक्षकाचे वजन कमी होते.

प्रतिसाद २:
वरील मत मान्य आहे, पण लेखी प्रश्नांनाही निकालात काढू नये. साठी ओलांडलेल्या बाईंचे तीन आठवडे डोके दुखते आहे, केस विंचरताना टाळू दुखते आणि घास चावताना जबडा दुखून येतो. ही कानशिलाजवळच्या रक्तवाहिनीच्या दाहाची (जायंट सेल आर्टेरायटिस) लक्षणे आहेत. येथे ‘निदान कोणते?’ असे विचारले की पाठांतर तपासले जाते. ‘आज काय कराल?’ असे विचारले, तर बायोप्सीच्या अहवालासाठी थांबणारा आणि दृष्टी जाण्याचा धोका ओळखून स्टेरॉइड लगेच सुरू करणारा, यांच्यातला फरक कळतो. डॉक्टर जेथे चुकण्याची शक्यता अधिक, नेमक्या त्याच वळणावर प्रश्न विचारावा.

उलट ‘थांबून पाहू’ एवढ्याच उत्तराला गुण देऊ नयेत (आळसही बाहेरून तसाच दिसतो). कोणती लक्षणे दिसल्यास आणि किती दिवसांत परत यावे, हे रुग्णाला समजेल असे सांगता येते का, ते रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीसमोर तपासावे.

प्रतिसाद ३:
आराखड्यात तक्रारी किती वेळा येतात एवढेच पाहू नये. ताप आलेल्या मुलातील मेंदूज्वर क्वचित आढळतो, पण निसटला तर जीव जातो. उत्तीर्णतेची रेषाही आधीच ठरावीक टक्क्यांवर आखू नका. ही रेषा ठरवण्याच्या अँगॉफ पद्धतीत परीक्षक प्रत्येक प्रश्नासाठी, काठावरच्या (जेमतेम उत्तीर्ण होण्याजोग्या) शंभर परीक्षार्थींपैकी किती जण बरोबर उत्तर देतील, याचा अंदाज करतात. ते परीक्षक रोज फॅमिली डॉक्टर म्हणून काम करणारे असावेत, नाहीतर काठावरचा परीक्षार्थी म्हणजे कोण, हेच त्यांना ठाऊक नसते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. ज्या प्रसंगांत अनुभवी डॉक्टरांचेही एकमत होत नाही, ते वगळावेत का?

प्रतिसाद २:
सरसकट वगळू नयेत, कारण अनिश्चितता हाच या कामाचा मोठा भाग आहे. परीक्षक-मंडळातील किती जणांनी कोणता पर्याय निवडला, त्या प्रमाणात अंशतः गुण देता येतात. मात्र प्रश्नाची भाषाच संदिग्ध असल्यामुळे मतभेद झाला असेल, तर तो प्रश्न काढून टाकावा.