सारांशाआधी 'मोजलं काय?'

मुलांना विज्ञानलेख वाचायला शिकवताना त्यांच्याकडून सारांश लिहून घ्यावा, असं सुचवलं जातं; ते ठीकच. पण तेवढ्यावर थांबलं की लेखातलीच वाक्यं पुढेमागे होऊन येतात. आधी नेमकं मोजलं काय, ते लिहायला लावा. 'चॉकलेटने स्मरणशक्ती वाढते' असा मथळा असेल, तर प्रयोग उंदरांवर झाला की माणसांवर, किती जणांवर, चॉकलेट न खाणारा तुलनेचा गट होता का? उत्तर लेखात नसेल तर तसं लिहिणाऱ्याला गुण जरूर द्यावेत. मोठ्या मुलांना मूळ शोधनिबंधही दाखवा. डीएनएच्या रचनेवरचा वॉटसन-क्रिक यांचा १९५३ चा निबंध पान-सव्वापानाचाच आहे आणि त्यात त्यांचा स्वतःचा एकही प्रयोग नाही! मग पुरावा कुणाचा, हे शोधताना मुलं क्ष-किरणांनी डीएनएची छायाचित्रं घेणाऱ्या शास्त्रज्ञ रोझालिंड फ्रँकलिनपर्यंत पोचतात.