मदत हवी आहे : फेंडर बासमन ५० हेडचा दोन स्पीकरचा कॉम्बो करायचा आहे

सहावी तार :

नमस्कार मंडळी,

जुना अ‍ॅम्प नव्या खोक्यात बसवायचा आहे, त्यासाठी जाणकारांचा सल्ला हवा आहे. मी न्यू जर्सीत एडिसनला राहतो आणि इथल्या आमच्या मराठी वाद्यवृंदात गिटार वाजवतो. गणपती, कोजागिरी, दिवाळी असे कार्यक्रम असतात. जागा बहुधा शाळेचं सभागृह, नाहीतर देवळाचा हॉल.

माझ्याकडे फेंडरचं बासमन ५० हेड (स्पीकर नसलेला नुसता अ‍ॅम्प) आहे, १९७० च्या दशकातलं, चंदेरी पट्टीचं. दोन ६एल६ पॉवर ट्यूब (आवाजाला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या), पन्नास वॉट, आउटपुट चार ओहमचं (ओहम म्हणजे स्पीकरच्या विद्युत रोधाचं माप). नाव बासचं असलं तरी नॉर्मल चॅनेलमध्ये गिटार लावली की फार सुंदर वाजतं. हलक्या हाताने छेडलं तर स्वर स्वच्छ, पिक जरा जोरात मारला की त्याला किंचित धार येते. हा स्वर मला अजिबात सोडायचा नाही.

अडचण कॅबिनेटची आहे. ते मूळचं फेंडरचं नाही, कोणीतरी पार्टिकल बोर्डचं केलेलं आहे. दोन बारा इंची स्पीकर, पाठ पूर्ण बंद. वजन इतकं की जिन्यावरून एकट्याने नेता येत नाही. शिवाय बंद पाठीमुळे आवाज नाकासमोर सरळ जातो. पहिल्या दोन रांगांना गिटार टोचते आणि शेजारी बसलेल्या तबलजींना ती नीट ऐकूच येत नाही. ते विचारतात, मी आवाज वाढवतो, आणि पुढच्या रांगा वैतागतात.

म्हणून मनात आहे की हेड आणि स्पीकर एकाच खोक्यात घ्यावेत, म्हणजे कॉम्बो करावा, पाठ अर्धी उघडी ठेवावी आणि स्पीकरही चांगले घालावेत. बासमन मुळात कॉम्बोच होता, १९५० च्या दशकातला चार दहा इंची स्पीकरवाला. ब्रिटनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात जेटीएम ४५ हा अ‍ॅम्प तयार झाला तो त्याच्याच सर्किटवरून. हेड आणि कॅबिनेट वेगळे झाले ते १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. तेव्हा हे काही अघोरी काम ठरू नये असं वाटतं.

आता शंका. हेडचंच खोकं कापून वाढवावं की नवीन करावं? लाकूड कोणतं? स्पीकर म्हणून सेलेस्टियन व्हिंटेज ३० ची जोडी डोक्यात आहे, ती या अ‍ॅम्पला शोभेल का? आणि ट्यूबच्या इतक्या जवळ स्पीकर आले तर काही बिघडतं का? सुतारकाम मला बऱ्यापैकी येतं, गॅरेजमध्ये टेबल सॉ आणि राउटर आहे. इलेक्ट्रॉनिक्समध्ये मात्र सोल्डरिंगपलीकडे गती नाही.

लाकूडकाम :

मूळ खोक्याला करवत लावू नका, ही हात जोडून विनंती. चॅसिस (ट्यूब, ट्रान्सफॉर्मर वगैरे बसवलेला पत्र्याचा सांगाडा) वरच्या फळीला बोल्टांनी टांगलेलं असतं. ते उतरवायचं, नव्या खोक्यात टांगायचं आणि मूळ खोकं चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवायचं. उद्या विचार बदलला तर अर्ध्या तासात सगळं पूर्ववत. पन्नास वर्षं टिकलेली वस्तू आहे, तिचं परत हेड होण्याचा रस्ता मोकळा राहिला पाहिजे.

तुमचं एक काम फेंडरनेच सोपं केलंय. त्यांच्या हेडमध्येही चॅसिस वरून टांगलेलं आणि ट्यूब खाली लोंबत्या असतात, कॉम्बोत असतात तशाच. मार्शलच्या हेडमध्ये चॅसिस तळाला बसतं आणि ट्यूब उभ्या, तिथे डोकं जास्त चालवावं लागतं.

लाकूड पाइनचं घ्या, पाऊण इंची, अखंड फळ्या, कोपऱ्यांना फिंगर जॉइंट (दाते एकमेकांत बसवलेला सांधा). जुने फेंडर कॉम्बो असेच बांधलेले असत. बाल्टिक बर्च प्लाय मजबूत खरा, पण जड. ट्विन रिव्हर्बच्या (फेंडरचा दोन बारा इंची स्पीकरचा कॉम्बो) मापाचं खोकं धरलं, म्हणजे साधारण साडेसव्वीस इंच रुंद आणि वीस इंच उंच, तर पाइनमुळे दोन-अडीच किलो वाचतात. स्पीकर बसतात ती पुढची फळी मात्र अर्धा इंची बर्च प्लायचीच करा. तिथे पार्टिकल बोर्ड नको, बोल्टाची भोकं सैल होतात आणि ओल लागली की फुगतो.

गरम ट्यूब :

सुतारकाम सुरू करण्याआधी एक गोष्ट. चॅसिस बाहेर आलं की आतला चारशे व्होल्टच्या वरचा साठा तुमच्या हाताशी असतो. अ‍ॅम्प बंद करून प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) तो धरून ठेवू शकतात. मीटरने मोजून व्होल्टेज शून्याजवळ आल्याची खात्री झाल्याशिवाय आत बोट घालायचं नाही. सवय नसेल तर हे काम ट्यूब अ‍ॅम्प दुरुस्त करणाऱ्याकडूनच करून घ्या. त्याच खेपेला कपॅसिटर मूळचेच असतील तर बदलून घ्या, त्यांचं आयुष्य कधीच संपलंय. मागच्या ग्राउंड स्विचला जोडलेला कपॅसिटरही काढून टाकायला सांगा, तो निकामी होऊन शॉर्ट झाला तर चॅसिसवर मेन्सचा करंट येऊ शकतो.

आता असा मुद्दा, जो नवीन खोकं करताना हमखास विसरला जातो. या चॅसिसची उघडी बाजू वर असते आणि तिचं झाकण म्हणजे खोक्याची वरची फळी. मूळ खोक्यात त्या फळीला आतून धातूचा पत्रा किंवा फॉइल लावलेलं दिसेल. तेच शील्डिंग, म्हणजे बाहेरचा विद्युत गोंगाट अडवणारं कवच. तुमच्या पाइनच्या फळीलाही आतून अ‍ॅल्युमिनियम लावा आणि ते चॅसिसच्या कडेला चारी बाजूंनी टेकतंय ना ते बघा. नाहीतर गुणगुण येईल, कधी कधी रेडिओसुद्धा ऐकू येईल, आणि दोष नसताना ट्यूब बदलत बसाल.

स्पीकर जवळ आल्याने बिघडत काही नाही, पण थरथर वाढते. पॉवर ट्यूबना स्प्रिंगचे पकड-क्लिप असलेच पाहिजेत, कारण त्या उलट्या लोंबतात. प्रीअ‍ॅम्पच्या (पहिल्या टप्प्याच्या) लहान ट्यूबवर धातूच्या टोप्या घाला. मग अ‍ॅम्प चालू ठेवून लाकडी पेन्सिलने एकेक ट्यूब हळूच टिचकवा. जी स्पीकरमधून घंटेसारखी वाजेल ती बदला. हेडमध्ये मुकाट चालणारी ट्यूब कॉम्बोत गेल्यावर किणकिणू लागते.

आणि ओहम. आठ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की चार होतात, तुम्हाला तेच हवेत. सोळाचे घेतले तर समांतर जोडून आठ होतील. तेवढी तफावत फेंडरचे ट्रान्सफॉर्मर सोसतात, पण नवीनच घेताय तर बरोबर जुळणारे घ्या. स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीही वाजवायचा नाही. जोडणी मागच्या मुख्य जॅकलाच करा, एक्स्टेंशनच्या जॅकला एकट्याला नाही. मुख्य जॅक रिकामा असला की तो आतून शॉर्ट होतो, तशीच रचना आहे. वायर साधी स्पीकरची, सोळा गेजची. गिटारची केबल तिथे चालत नाही.

पुणेरी साउंड :

मी पुण्यात साउंडचं काम करतो, गिटारचे खोकेही बांधून देतो. आमच्याकडे टिंबर मार्केटातून मरीन प्लाय आणावा लागतो आणि तो दगडासारखा जड असतो. तुम्हाला पाइन सहज मिळतंय, ही मोठी सोय आहे.

स्पीकरबद्दल माझं मत स्पष्ट आहे : या कामासाठी व्हिंटेज ३० नको. स्पीकर उत्तमच आहे, पण त्याचा वरचा मध्यम पट्टा पुढे येतो. डिस्टॉर्शनच्या गिटारला ते फार छान लागतं. तुम्ही स्वच्छ स्वरात, गायिकेच्या मागे वाजवणार. तिचे शब्द समजतात तो पट्टा आणि या स्पीकरचा चढलेला पट्टा एकमेकांच्या अंगावर येतात. पहिल्या रांगेला गिटार टोचते ही तुमची तक्रार आहेच, ती आणखी वाढेल.

दुसरं म्हणजे वजन. व्हिंटेज ३० एकेक ४.७ किलोचा, म्हणजे जोडी साडेनऊच्या आसपास. निओडिमियम चुंबकाचा स्पीकर, समजा सेलेस्टियनचाच निओ क्रीमबॅक, जेमतेम दोन किलोचा. जोडीमागे पाच किलोंहून जास्त वाचतात. लाकडात तुम्ही दोन-अडीच किलोंसाठी जीव काढणार, इथे त्याच्या दुप्पट फुकट मिळतंय. चुंबक लहान असल्याने ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूबना जागाही सुटते. बाकी ट्रान्सफॉर्मरचं लोखंड जेवढं आहे तेवढं राहणारच, त्यावर इलाज नाही.

सेलेस्टियनच्याच ग्रीनबॅक स्पीकरचा मोह होईल, माझा स्वतःचा आवडता आहे. पण तो पंचवीस वॉटचा. दोन मिळून पन्नास, आणि अ‍ॅम्पही पन्नासचा. ट्यूब अ‍ॅम्प जोरात ढकलला की लिहिलेल्या वॉटच्या बराच वर जातो. जोडी मिळून शंभराच्या पुढे राहिली तर निर्धास्त. निओ क्रीमबॅक साठ-साठचे, म्हणजे प्रश्न मिटला.

पाठ अर्धी उघडी ठेवण्याचा विचार अगदी योग्य. मागून निघालेला आवाज भिंतीवर आपटून बाजूला पसरतो आणि तबलजींना गिटार मिळते. त्यासाठी अ‍ॅम्प भिंतीला चिकटवू नका, तीन-चार फूट पुढे ठेवा. खालचा सूर थोडा कमी होईल, पण वाद्यवृंदात तो पट्टा बास आणि डग्ग्यासाठी मोकळा राहिलेला बराच.

सहावी तार :

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! मूळ खोकं तसंच ठेवतो, हे नक्की. पाइन आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा या शनिवारी आणतो. कपॅसिटरसाठी इथल्या एका दुरुस्तीवाल्याशी बोललो, तो चॅसिस ठेवून घ्यायला तयार आहे. व्हिंटेज ३० चा विचार सोडला. गायिकेच्या शब्दांचा मुद्दा मला सुचलाच नसता आणि आमच्या कार्यक्रमात तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे.

दोन शंका उरल्या. एक निओ आणि एक वेगळा, जरा उबदार स्वराचा, अशी मिश्र जोडी चालेल का? आणि खोक्याची उंची ठरवायची कशी?

पुणेरी साउंड :

चालेल, मजाही येते. दोघांचे ओहम सारखे हवेत आणि संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच वॉटला किती मोठा आवाज येतो ते, जवळपास सारखी हवी. तीन डेसिबलचा फरक म्हणजे अ‍ॅम्पचे वॉट दुप्पट केल्यासारखं, मग मोठ्याने वाजणाराच स्पीकर ऐकू येतो आणि दुसरा नावापुरता. जोडण्याआधी नऊ व्होल्टची बॅटरी क्षणभर टेकवून पाहा. प्लसला प्लस लावल्यावर दोन्हींचे कोन (स्पीकरचे कागदी पडदे) बाहेर आले पाहिजेत. जुने जेबीएल असतील तर त्यांचा कोन आत जातो, त्यांची खूण उलटी आहे. एक आत, एक बाहेर असं झालं तर खालचा सूर गायब होतो.

लाकूडकाम :

उंचीसाठी आधी स्पीकर हातात येऊ द्या. बारा इंची सेलेस्टियनला भोक २८३ मिलिमीटरचं लागतं. पुठ्ठ्यावर खऱ्या मापाचा, बाजूने दिसणारा उभा छेद काढा : वर चॅसिस, त्याखाली ट्रान्सफॉर्मर आणि ट्यूब, पुढच्या फळीवर स्पीकर. चुंबकाच्या मागच्या कडेपासून सगळ्यात जवळच्या ट्यूबपर्यंत निदान दोन बोटं मोकळी राहिली पाहिजेत. तेवढी उरेपर्यंत स्पीकर खाली सरकवत जा, जी उंची येईल ती तुमची. रिव्हर्बची (आवाजाला घुमाव देणाऱ्या स्प्रिंगांची) टाकी या अ‍ॅम्पला नाही, तेव्हा तळाशी जागा मिळेल. मागच्या वरच्या पट्टीला हवेसाठी फटी ठेवा, त्या पॉवर ट्यूबच्या समोर येतील अशा. हँडल बसवण्याआधी सगळं आत घालून उचलून बघा. ट्रान्सफॉर्मर एका बाजूला असल्याने तोल मध्यावर नसतो, हँडल त्या बाजूला थोडं सरकवलं तर नेताना मनगट भरून येत नाही.

रेक्झिन चढवण्याआधी एकदा पूर्ण आवाजात वाजवा. खडखड कुठे आहे ते उघड्या लाकडावर लगेच सापडतं.