मदत हवी आहे: पेनड्राइव्ह समजून हार्डडिस्क क्लीन केली, फोटो फोल्डरच्या नावांसकट परत मिळतील का?

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितेय, घाईत आहे त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

परवा रात्री आईला हरिपाठ आणि अभंग भरून द्यायचे होते म्हणून जुना ६४ जीबीचा पेनड्राइव्ह काढला, तर तो राइट प्रोटेक्टेड दाखवायला लागला, काही केल्या फॉरमॅट होईना. मग एका व्हिडिओत बघून डिस्कपार्ट (विंडोजमधलं कमांड टाइप करून डिस्क साफ करायचं टूल) उघडलं. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, झालं म्हणाला. त्याच वेळी अप्पांची १ टीबीची पोर्टेबल हार्डडिस्क पण लॅपटॉपला लावलेली होती, त्यांच्या कॅमेऱ्याचं कार्ड रिकामं करत होते. व्हिडिओतला माणूस डिस्क १ म्हणाला, मीही डिस्क १ केलं. साइझचा कॉलम डोळ्यासमोर होता हो, बघितलाच नाही. मग डिस्क मॅनेजमेंटमध्ये नवीन व्हॉल्यूम, नेक्स्ट नेक्स्ट फिनिश, क्विक फॉरमॅटची टिक आपोआप होतीच, एनटीएफएस. वर ९० एमबीचे अभंग पण टाकले. पेनड्राइव्ह काढून आईच्या स्पीकरला लावला तर ती म्हणते, यात काहीच वाजत नाहीये गं. परत येऊन बघते तर लॅपटॉपवर ९३१ जीबी. हातपाय गार पडले.

त्यात काय होतं ते सांगते म्हणजे प्रश्न कळेल. अप्पांना गंगेवर जाऊन फोटो काढायचा नाद आहे (बाहेरच्यांसाठी, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो). पूर आला की सगळं गाव दुतोंड्या मारुतीला (नदीपात्रातली मूर्ती, तिच्यावरूनच आम्ही पूर मोजतो) पाणी कुठवर आलं ते बघायला जातं आणि अप्पा सगळ्यात आधी. २००८ चा पूर, २०१६ चा, २०१९ चा, २०१५ चा सिंहस्थ, रंगपंचमीच्या रहाडी (रंगाच्या पाण्याचे हौद), सगळं. शिवाय रोलच्या जमान्यातले, २००३ च्या सिंहस्थाचे आणि त्याआधीचे प्रिंट त्यांनी स्वतः बसून स्कॅन केलेत. प्रत्येक फोल्डरला नाव देतात ते पण वाक्यासारखं, "२०१६ ऑगस्ट दुतोंड्या बुडाला सकाळी" असं. अशी साठ-सत्तर फोल्डर.

एमजी रोडवर एका दुकानात दाखवली. त्यांनी बघितलं न बघितलं आणि १२ हजार सांगितले, क्लीनरूममध्ये (धूळ नसलेल्या खास खोलीत) उघडावी लागेल म्हणे, आणि वर फोटो येतील पण नावं येणार नाहीत. म्हणजे हजारो फोटो एका ढिगात. डिजिटल फोटोत तारीख आत असते ते माहितीय, पण स्कॅन केलेल्यात स्कॅन केल्याची तारीख असणार ना? ते फोटो कोणत्या सालचे हे फक्त फोल्डरच्या नावावरून कळत होतं.

डिस्क काढून ठेवलीये, परत लावलेली नाही. अप्पांना अजून सांगितलेलं नाही. बॅकअपवरून लेक्चर देऊ नका प्लीज, ते भाऊ रोज देतोय.

प्रतिसाद १
रेकुवा (पुसलेल्या फाइली परत काढायचा प्रोग्राम) टाका ताई, माझं सगळं आलं होतं. फक्त त्याच ड्राइव्हवर इन्स्टॉल करू नका.

प्रतिसाद २
ताई, आधी श्वास घ्या. तुम्ही क्लीन केलंय, क्लीन ऑल नाही. नुसत्या क्लीनने पार्टिशनची माहिती उडते, डेटा जागेवरच राहतो. क्लीन ऑल केलं असतं तर पूर्ण डिस्कवर शून्य लिहिले गेले असते आणि मग कोणाच्या बापाला काही मिळालं नसतं. क्विक फॉरमॅटचंही तसंच, म्हातारं झाड तोडलं नाहीये, फक्त सातबाऱ्यावरून नाव काढलंय. टिक काढून फुल फॉरमॅट केलं असतं तर व्हिस्टापासून विंडोज सगळीकडे शून्य लिहितं.

नावांचं सांगतो. एनटीएफएसमध्ये एमएफटी नावाचा तक्ता असतो, त्यात प्रत्येक फाइलचं नाव आणि ती कोणत्या फोल्डरमध्ये आहे ते असतं. नवीन फॉरमॅटने नवा तक्ता बहुतेक जुन्याच्याच जागी सुरू केला असणार, म्हणजे जुन्या तक्त्याची सुरुवातीची थोडी पानं गेली, मागची शिल्लक. दुकानदार फोटोरेकसारखं काहीतरी चालवणार असेल, ते फाइलची सही (सुरुवातीची ठरावीक खूण) बघून फाइल उचलतं, तक्ता बघतच नाही, म्हणून नावं येत नाहीत. ते शेवटचा उपाय म्हणून ठेवा. आधी डीएमडीईने (हाही डेटा परत काढायचा प्रोग्राम) फुल स्कॅन करा, जुना व्हॉल्यूम सापडला की फोल्डरचं झाड दिसेल. फुकटच्या आवृत्तीत एका वेळी एकाच फोल्डरमधल्या ४००० पर्यंत फाइली काढता येतात, तुम्हाला तेवढं पुरेल, फक्त साठ-सत्तर वेळा बसावं लागेल.

आणि क्लीनरूम कशाला? खडखड आवाज येत असेल, डिस्क पडली असेल तर गोष्ट वेगळी. चालू डिस्क उघडायची गरज नाही.

क्रम चुकवू नका: २ टीबीची दुसरी डिस्क आणा, त्यावर आधी या डिस्कची पूर्ण इमेज (म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल) काढा, आणि पुढचं सगळं इमेजवर. १ टीबीची आणलीत तर त्यावर १ टीबीची इमेज मावणार नाही, लोक इथेच फसतात. चेकडिस्क (विंडोजचं डिस्क दुरुस्त करायचं टूल) चुकूनही चालवू नका.

प्रतिसाद ३
वरच्यांशी सहमत, एकच भर. हल्लीच्या काही पोर्टेबल डिस्क एसएमआर प्रकारच्या (माहितीचे पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या) असतात, त्यातल्या काही ट्रिम कमांड (ही जागा आता रिकामी समज, असा विंडोजचा निरोप) पाळतात, त्यात क्विक फॉरमॅटनंतरही वाचायला गेलं तर नुसते शून्य येतात. डिस्क कधीची आहे?

धागाकर्ती
२०१४ ची आहे. आवाज वगैरे काही नाही. प्रतिसाद २ वाल्या दादा, सातबाऱ्याचं उदाहरण आवडलं, भावालाही तेच सांगितलं तेव्हा तो गप्प बसला.

प्रतिसाद ३
२०१४ म्हणजे बहुतेक वाचलात. यूएसबी ३ च्या पोर्टला लावा, तीन तासांत इमेज होईल, जुन्या पोर्टला आठ-नऊ तास लागतील.

प्रतिसाद ४
अप्पांना सांगून टाका ताई. त्यांना कुठून तरी कळेलच.

धागाकर्ती, अपडेट
काल २ टीबीची आणली. इमेजला चार तास लागले, लॅपटॉप स्लीपला जाऊ नये म्हणून मध्येमध्ये माऊस हलवत बसले, नंतर भावाने ती सेटिंगच बंद केली. रात्रभर स्कॅन लावला. सकाळी डीएमडीईत दोन व्हॉल्यूम दिसले, एकात माझे अभंग आणि दुसऱ्यात झाड!! नावं मराठीतच, जशीच्या तशी. आत्तापर्यंत ६३ पैकी ५८ फोल्डर मिळालीत. पाचची नावं गेलीत, आतले फोटो आलेत पण फोल्डरच्या जागी नुसता नंबर. आणि २०१९ च्या पुरातले तीन फोटो उघडत नाहीत, अर्धे करडे दिसतात, तिथे बहुतेक माझे अभंग बसलेत.

पाच बिननावाच्या फोल्डरपैकी तीन स्कॅन केलेली आहेत. त्यांची सालं मला सांगता येईनात, म्हणून दुपारी अप्पांना सांगितलंच. काही बोलले नाहीत. खुर्ची ओढून शेजारी बसले आणि पहिला फोटो बघून म्हणाले, "हा होळकर पुलावरून काढलाय, तुझ्या बारशाच्या आदल्या वर्षी. लिही."