सहकारी संस्थेत संचालक मंडळ असताना वेगळं देखरेख मंडळ कशाला?

प्रश्न: काही देशांच्या सहकार कायद्यात संचालक मंडळावर नजर ठेवायला सभासदांनी निवडलेलं वेगळं मंडळ असतं म्हणे. पण ऑडिटर असतोच ना दरवर्षी, मग हे लोक नेमकं करतात काय, का नुसत्या मानाच्या खुर्च्या?

उत्तर १: ऑडिटर वर्षाखेरीस हिशोब बघतो, हे मंडळ वर्षभर. जर्मनीच्या कायद्यात त्यांना कधीही दप्तर मागवता येतं, रोकड मोजता येते, गोदामातला माल तपासता येतो, आणि अगदीच गडबड दिसली तर आमसभेने नेमलेल्या संचालकाला तात्पुरतं बाजूला करता येतं, पण मग लगेच आमसभा बोलवायची, शेवटचा निर्णय तिचाच. २० किंवा कमी सभासद असतील तर पोटनियमात तरतूद करून मंडळ टाळता येतं, ते काम आमसभा करते.

उत्तर २: आणि एकच माणूस दोन्हीकडे नको! युरोपीय सहकारी संस्थेच्या २००३ च्या नियमावलीत हे स्पष्ट आहे, शिवाय दोन मंडळांची पद्धत घेतली तर कारभाऱ्यांनी निदान दर ३ महिन्यांनी अहवाल द्यायचा. पण कागदावर वेगळे आणि आतून एकाच पॅनेलचे असले की काय उपयोग, सह्या करून मोकळे.

प्रश्नकर्ता: ओके, म्हणजे रोजचा कारभार त्यांच्या हातात नाही ना?

उत्तर १: नाही. काही मोठ्या व्यवहारांना त्यांची मंजुरी लागते असं पोटनियमात टाकता येतं, तेवढंच.